१०४ एकर ३५ गुंठे

महसूल खात्याच्या पायऱ्या एकेक करून चढत मंडळ अधिकारी या पदापर्यंत पोहोचलेल्या, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी आपल्या अखत्यारीत लिहून टाकलेल्या १ जून या जन्मतारखेच्या आधारे ३१ मे रोजी सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाने आपले उर्वरित आयुष्य कसे घालवावे, याविषयी आमच्या धावडा गावात एरवी कोणत्याही बाबतीत न आढळणारे एकमत आहे. त्याने सकाळी पारावर बसून वर्तमानपत्र निविदा-सूचनांसकट वाचावे. परक्याच्या बांधाच्या तंट्यात, मत कोणी विचारलेले नसले तरी, ते कलमांच्या आकड्यांसह द्यावे. आषाढी जवळ आली म्हणजे वारीची भाषा करावी, व गुडघे राजी असल्यास वारीही करावी. आणि दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला सादर करून आपण अद्याप या जगात आहोत अशी कोषागाराची खात्री पटवावी. हा कार्यक्रम इतका जुना व सर्वमान्य आहे की त्यात फेरफार करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे सहसा कोणा निवृत्ताला वाटत नाही. मला तसे वाटले, आणि वाटले तेही भलत्याच दिशेने : मी पहाटे उठून धावू लागलो.

धावडा हे भोकरदन तालुक्याच्या एका टोकाला, अजिंठ्याच्या डोंगरांच्या आश्रयाने, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीलगत वसलेले गाव. १९४८ पर्यंत ही हद्द नुसती जिल्ह्याची नव्हती. अलीकडे निजामाची मोगलाई आणि पलीकडे वऱ्हाड, असा तो दोन राज्यांमधला बांध होता, आणि बांधावरच्या माणसांना येणाऱ्याजाणाऱ्याकडे निरखून पाहण्याची जी सवय लागते ती राज्ये गेली तरी जात नाही. चालणाऱ्याला मात्र येथे कोणी हटकीत नाही. तालुक्यातल्याच जाळीच्या देवाला पायी निघालेल्या महानुभाव भक्ताला, किंवा मुक्ताईनगरहून बुलढाणा, चिखली, देऊळगावराजा, जालना असे मुक्काम करीत पाचशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवणाऱ्या मुक्ताबाईंच्या पालखीत सामील झालेल्या सत्तरीच्या म्हातारीला, ‘बाई, कशापायी चालतेस’ असे विचारण्याचे धाडस गावातला पट्टीचा नास्तिकही करणार नाही. परंतु त्याच म्हातारीने त्यातले पाच किलोमीटर धावत काटले, तर तिची चौकशी लागेल. कारण चालणे हा आमच्याकडे स्वभाव आहे, धावणे ही घटना आहे, आणि घटनेला कारण दाखवावे लागते.

मान्य कारणे अर्थात ठरलेली आहेत. गुरे दुसऱ्याच्या मक्यात शिरली, आग्या मोहोळ उठले, मिरचीच्या वाळवणावर अवकाळी पाऊस आला, पतसंस्थेचा वसुली अधिकारी गल्लीच्या तोंडाशी दिसला किंवा मुक्कामाची एसटी स्टँडवरून हलली, की माणसाने धावावे. तेवढ्यापुरते ते शोभून दिसते व लोक वाटही देतात. यांपैकी एकही निमित्त नसताना, डोक्याला रुमाल, पायांत शेंदरी रंगाचे बूट आणि साठी उलटलेल्या पोटऱ्या उघड्या टाकणारी आखूड चड्डी अशा वेषात माजी सर्कल साहेब वालसावंगीच्या रस्त्याने पळत सुटलेले दिसताच, शेताकडे निघालेल्या पहिल्याच बैलगाडीवाल्याने कासरा ओढला.

“काय झालं हो सर्कल साहेब? कोन गेलं?”

“कुणी नाही गेलं.”

“मंग पळता कामून?”

“सहज.”

ज्या मनुष्याने हयातभर लोकांचे जबाब नोंदवले, त्याला ‘सहज’ या उत्तराची किंमत ठाऊक असते. बांध का कोरला, झाड का तोडले, सरकारी गायरानात टपरी का टाकली, या प्रश्नांस ‘सहज’ असा जबाब कोणी दिला असता तर मी तो लिहून घेतला नसता. त्याला चहा पाजून, दम देऊन, शेवटी काही तरी सबळ कारण त्याच्या तोंडून वदवून घेतले असते. गावानेही माझ्या बाबतीत तीच रीत पत्करली. मी कारण देत नाही असे पाहून गावाने ती जबाबदारी आपल्याकडे घेतली, आणि सायंकाळपर्यंत भावकीत वाटणीचा दावा लागल्यामुळे, मुलाने पुण्यातली नोकरी सोडल्यामुळे, आणि निवृत्तिवेतनाची नस्ती कोठे तरी अडकून पडल्यामुळे, अशी तीन परस्परांशी न जुळणारी कारणे माझ्या धावण्यास प्राप्त झाली. तिन्ही ऐकणाऱ्यांनी माझ्याविषयी मनापासून हळहळ व्यक्त केली. माझ्या सौभाग्यवतींनी चौथे कारण दिले. ते येथे नमूद करण्यासारखे नाही.

गावाची सहानुभूती एवढ्यावर थांबती तरी मला सोसली असती. पण धावणाऱ्या माणसाला मदत करणे हा आमच्याकडे धर्म मानला जातो. एके दिवशी मी रस्त्याच्या कडेने आपल्या नादात चाललो असताना भोकरदनकडे जाणारी लाल गाडी माझ्या पुढे जाऊन चक्क थांबली. चालकाने आरशात माझी धाव पाहिली होती आणि एका वृद्धाची गाडी चुकू नये या उदात्त हेतूने त्याने ब्रेक दाबला होता. वाहकाने दार उघडून हात पुढे केला, आतल्या प्रवाशांनी सरकून जागा केली, एका बाईने पिशवी मांडीवर घेतली. इतक्या लोकांच्या चांगुलपणावर पाणी ओतून ‘मला कोठे जायचे नाही’ असे सांगण्याचा धीर मला झाला नाही, आणि मी पुढच्या फाट्यापर्यंतचे तिकीट काढले. उतरून उलट दिशेने पुन्हा धावू लागलो, तेव्हा खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी बराच वेळ आत गेली नाहीत. मोटारसायकलवाल्यांची तऱ्हा याहून अवघड. ‘बसा साहेब, सोडतो’ हे वाक्य आमच्या भागात विनंती नसून आज्ञा आहे, आणि तिचा अव्हेर करणारा एक तर भांडलेला असतो किंवा शेफारलेला. मी नको म्हटले की गाडी माझ्या वेगाने माझ्या शेजारून चालू लागते आणि तिच्यावरचा इसम, माझा श्वास माझ्याकडे नाही याची दखल न घेता, त्याच्या विहिरीच्या अनुदानाची सविस्तर हकीकत सांगू लागतो.

पाण्याच्या बाटलीचा प्रसंगही येथे नोंदवून ठेवतो, कारण त्यापासून माझ्या प्रतिष्ठेची बरीच घसरण झाली. हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत पहाटेच्या काळोखात गावोगावच्या रस्त्यांवर दबा धरून बसणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना काही सांगावयास नको. इतरांसाठी खुलासा असा की, उजाडण्यापूर्वी गावाबाहेर, हातात पाणी घेऊन, लगबगीने जाणारा मनुष्य कोणत्या कामासाठी निघाला आहे याविषयी या पथकांचे एक निश्चित मत असे, आणि ते शंभरातल्या नव्याण्णवांच्या बाबतीत बरोबर असे. विजेरीचा झोत तोंडावर पडला तेव्हा मी थांबलो नाही, कारण थांबले की माझी लय मोडते. आणि पळू लागलेला आरोपी हा गुन्ह्याचा सर्वांत मोठा पुरावा, हे तत्त्व मीच पुष्कळ तरुण कर्मचाऱ्यांना शिकवले होते. सत्काराचे गुलाबाचे फूल माझ्या हाती देण्यात आले. ओळख पटल्यावर सर्वांनी दिलगिरी व्यक्त केली. फूल मात्र परत घेतले नाही.

अखेर एका पोक्त स्नेह्याने, जे पूर्वी आमच्याच सज्जात तलाठी होते व ज्यांना गाव अद्याप तलाठी आप्पा म्हणते, मला युक्ती सांगितली. ते म्हणाले, “शुगर आहे म्हणून सांगा. फाइल बंद होईल.” आणि खरोखर, जे ‘सहज’ने साधले नव्हते ते या एका इंग्रजी आजाराने क्षणात साधले. शुगर असलेल्या माणसाला पहाटे उठण्याचा, आखूड चड्डी घालण्याचा, घाम गाळण्याचा आणि मोटारसायकलवर न बसण्याचा पूर्ण परवाना गावाकडून मिळतो. चौकशा थांबल्या, त्यांच्या जागी आस्था आली, आणि आस्थेपाठोपाठ, ज्या घरी जाईन त्या घरी, लग्नात, बारशात, तेराव्याला, मला न विचारता खास बाजूला काढून ठेवलेला बिनसाखरेचा चहा येऊ लागला. माझे रक्त तपासणीत सर्वथा निर्दोष आहे. मी तो चहा अजूनही पितो आहे.

या सबंध तपासात मला निरुत्तर करणारा प्रश्न एकच निघाला, आणि तो नव्वदीकडे झुकलेल्या एका आजींचा. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या त्या वर्षात, रझाकारांच्या धामधुमीत, सरहद्दीवरच्या गावांतली कुटुंबेच्या कुटुंबे रात्रीची वऱ्हाडात निघून जात. त्यांपैकी एका रात्री आईचा पदर धरून या आजी, त्या वेळी परकरी पोर, हद्दीपलीकडे पळत गेल्या होत्या. ओट्यावर बसून माझी धाव त्यांनी काही दिवस नुसती पाहिली. मग काठीने खूण करून मला थांबवले आणि म्हणाल्या, “मी पळाले तवा मांगं रझाकार होता बाबा. तुह्या मांगं कोन हाय?”

मी त्या दिवशी घरापर्यंत चालत आलो.

आजींचा प्रश्न डोक्यात घेऊन मी इतिहासाकडे वळलो, तो तेथेही कोणी विनाकारण धावल्याचे आढळेना. आमच्या भागातली सर्वांत प्रसिद्ध धावाधाव २३ सप्टेंबर १८०३ रोजी, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ, असई येथे झाली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची प्रचंड फौज एका बाजूला, आणि सकाळपासून कोसचे कोस चालून आलेली आर्थर वेलस्लीची लहानशी पलटण दुसऱ्या बाजूला. कंपूच्या तोफा व पायदळ जिवावर उदार होऊन लढले. घोडदळाने मात्र लढाईत फारसे न पडता अजिंठ्याच्या घाटाकडे जो वेग दाखवला त्याची वेळ दुर्दैवाने कोणी टिपून ठेवली नाही. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला चीत करणारा हाच वेलस्ली, उतारवयात आपल्या सगळ्या लढायांत असईलाच वरचे स्थान देत असे. त्या दिवशी त्याच्या बुडाखालचे दोन घोडे निकामी झाले. म्हणजे तोही धावला नाही, घोडे धावले. आणि ज्यांना धावणे भाग होते त्यांना कारणांचा तुटवडा नव्हता.

मॅरेथॉन या प्रकरणाच्या मुळाशीही म्हणे लढाईच आहे. पण मला त्या ग्रीक दूतापेक्षा तिच्या लांबीचे कुतूहल अधिक, कारण मोजणी हा माझा धंदा. ४२.१९५ किलोमीटर हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हाच तो मला संशयास्पद वाटला. अशी विचित्र संख्या निसर्गात नसते; ती कोणा तरी मोठ्या माणसाच्या सोयीसाठी हद्द सरकवल्याशिवाय दफ्तरात येत नाही. दफ्तर उघडून पाहावे, तो संशय खरा. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिम्पिकात ही शर्यत सुमारे ४० किलोमीटरांची होती. १९०८ साली लंडनला ती विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करावी आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपवावी असे ठरले, आणि या दोन राजमान्य खुंट्यांमधले अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरले. त्याच शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये पहिला शिरला, उलट दिशेला वळला, अनेकदा कोसळला, आणि अधिकाऱ्यांनी हाताला धरून रेषा ओलांडवल्यामुळे बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणीने त्याला चषक दिला. ज्या राजघराण्यासाठी हद्द सरकली त्याने निदान नुकसानभरपाई दिली, असे याचे महसुली तात्पर्य. नंतरच्या ऑलिम्पिकांत अंतर पुन्हा कमीजास्त होत राहिले. पण १९२१ मध्ये जागतिक संघटनेने लंडनचीच मोजणी कायम केली. एकदा चुकून कायम झालेली मोजणी पुढे ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, याची उदाहरणे आमच्या प्रत्येक सज्जात सापडतील.

हा आकडा घेऊन एका दुपारी मी व तलाठी आप्पा हिशोबास बसलो. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा, आणि तेहतीस फुटांची एक साखळी, हे आम्हा दोघांच्या रक्तात भिनलेले. ३८५ यार्डांचे ११५५ फूट, भागिले तेहतीस, बरोबर ३५, बाकी शून्य. २६ मैलांच्या ४१६० साखळ्या, तेथेही बाकी शून्य. एकूण ४१९५ साखळ्या. आप्पांनी चष्मा काढून पुसला. इंग्लंडच्या राजाच्या मर्जीने ठरलेले अंतर आमच्या साखळीत एक इंचही शिल्लक न राहता बसावे, हा योगायोग त्यांना योगायोग वाटेना. याचा अर्थ असा की, एक गुंठा रुंदीची पट्टी घेऊन मॅरेथॉन धावली, तर धावकाच्या पायाखालून ४१९५ गुंठे, म्हणजे १०४ एकर ३५ गुंठे जमीन जाते. मॅरेथॉन धावणारा मनुष्य एका सकाळपुरता शंभर एकरांचा जहागीरदार असतो, हे कळल्यावर मला जो हर्ष झाला तो आप्पांनी लगेच मोडून काढला.

“सीलिंगचं काय?” ते म्हणाले.

१९६१ च्या कायद्याने महाराष्ट्रात शेतजमीन धारण करण्यास कमाल मर्यादा घातली, आणि पुढच्या दुरुस्तीने कोरडवाहू जमिनीस ती कुटुंबामागे ५४ एकरांवर आणली, हे ज्यांना पाठ नाही ते महसुलात होते असे म्हणता येणार नाही. ५४ एकर म्हणजे २१६० साखळ्या, म्हणजे बरोबर साडेतेरा मैल, म्हणजे पावणेबावीस किलोमीटरांना थोडे कमी. तेव्हा अर्धी मॅरेथॉन, जी ५२ एकर साडेसतरा गुंठ्यांत आटोपते, ती कायदेशीर; आणि पूर्ण मॅरेथॉनमधली त्यापुढची सर्व धाव अतिरिक्त ठरून शासनजमा व्हावयास पात्र. मी तक्रार केली की ही वहिवाट तात्पुरती आहे, सातबारावर चढत नाही. आप्पांनी त्यावर अधिकच बारीक मुद्दा काढला. त्यांचे म्हणणे, मी धावताना इतका घाम गाळतो की माझी धाव कोरडवाहू मानता येणार नाही. ती बारमाही बागायत होय, आणि तिची मर्यादा १८ एकर, म्हणजे साडेचार मैल. हा मुद्दा विनोदाने निघाला होता, परंतु तो माझ्या सौभाग्यवतींच्या कानी गेला, आणि सव्वासात किलोमीटरांच्या पुढे गेलो की घरी येताच ‘सीलिंग ओलांडलं वाटतं’ असे शब्द स्वयंपाकघरातून ऐकू येऊ लागले.

वयाच्या बाबतीत हे धावण्याचे शास्त्र फारच कडक आहे. पस्तिशी गाठली की त्याच्या लेखी मनुष्य प्रौढांच्या गटात गेला. आमच्या खात्यात त्या वयाला पहिल्या बढतीची आशा सुद्धा धरणे अविनय समजला जाई. पण खरा घोळ दाखल्याचा. सरदार फौजासिंग यांनी २०११ साली टोरंटोची मॅरेथॉन पुरी केली तेव्हा पारपत्राप्रमाणे ते शंभर वर्षांचे होते, आणि वेळ लागला आठ तासांहून थोडा अधिक. परंतु विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनीजने जन्माचा मूळ दाखला मागितला, आणि १९११ साली पंजाबातल्या खेड्यात असले कागद कोण करणार होते? विक्रम नोंदला गेला नाही. ही बातमी वाचून मला फौजासिंगांच्या पायांपेक्षा त्यांच्या कागदपत्रांचेच अधिक वाईट वाटले, कारण आमच्या पिढीची स्थिती निराळी नाही. मराठवाड्यातल्या हजारो माणसांचा जन्म, कागदोपत्री, शाळा उघडण्याच्या तोंडावर १ जूनला झालेला आहे. माझा खरा जन्म पोळ्याच्या आसपासचा, कोणत्या सालच्या पोळ्याचा याविषयी आई व आत्या यांच्यात अखेरपर्यंत मतभेद राहिला. त्यामुळे शर्यतीच्या अर्जात वयोगट लिहिताना मी गुरुजींचे वय लिहितो, धावताना गुडघे आत्याचे वय सांगतात.

आपल्या मराठी मुलखातला या वाटेचा आद्य पुरुष म्हणजे बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर, दोराबजी टाटा अध्यक्ष असताना, लांब पल्ल्याच्या शर्यती झाल्या. त्यांत खेड्यापाड्यांतले शेतकरी अनवाणी धावले, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपास जातात हे पाहून टाटांच्या मनात ऑलिम्पिकची कल्पना आली. पुढच्याच वर्षी अँटवर्पला चौगुले धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. येथेही मोजणीचा घोळ आहेच : त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची होती, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. चौगुल्यांनी आजच्या धावकांपेक्षा सुमारे ५५ गुंठे, म्हणजे सव्वा एकराहून अधिक जमीन फुकट कसली, आणि तिचा ढेकळाएवढाही मोबदला त्यांना मिळाला नाही. माझ्या वेळेशी त्यांच्या वेळेची तुलना करण्याचा मोह कोणास झाला, तर त्याने आधी माझे वय आणि मग आपला सुसंस्कृतपणा यांचा विचार करावा.

आणि कारणाचाच प्रश्न असेल, तर लता भगवान करे यांच्यापुढे आम्ही बूटवाल्यांनी तोंड उघडू नये. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात, आजारी नवऱ्याच्या तपासणीचा खर्च उभा करण्यासाठी, नऊवारी लुगड्यात अनवाणी धावून ही बाई पहिली आली. २०२० साली त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली, आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. हा चित्रपट गावात मोबाइलवर फिरला तेव्हा बैलगाडीवाल्याने तो मला मुद्दाम दाखवला. त्याच्या मुद्रेवर ‘याला म्हणतात कारण’ असा भाव होता, आणि त्या बाबतीत मी त्याच्याशी पूर्ण सहमत होतो. तेवढे एक वाक्य मी थट्टेत मोडणार नाही.

मुंबईस मी गेलो तो हे सर्व ओझे घेऊन. २००४ पासून जानेवारीत होणाऱ्या तेथील मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी, छोटी, हसतखेळत करावयाची धाव असते. एसटीचे सवलतीचे तिकीट मी निमूटपणे घेतो, पण येथे सवलत घ्यावयाची नाही असे ठरवून मी पूर्ण १०४ एकरांचा अर्ज भरला होता. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून काळोखात निघालो. पहिले चाळीस-पन्नास एकर कसे गेले ते कळले नाही. समुद्र, पूल, इमारती, सगळे काही होते. मुंबईचे वर्णन करण्यास मुंबईकर समर्थ आहेत. मला विशेष वाटले ते एवढेच की, इतक्या मोठ्या शहरात, रस्त्याच्या दुतर्फा इतकी माणसे उभी असताना, ‘कामून पळता’ असे एकानेही विचारले नाही. उलट अनोळखी लोक संत्र्याच्या फोडी, मीठ, बिस्किटे, गूळ हाती देत होते, लहान मुले टाळीसाठी तळहात पुढे करीत होती, आणि एका इमारतीतल्या बायकांनी तर ‘काका, कमॉन’ म्हणून मला असे काही हाकारले की सर्कल असतानाच्या काळात गावात जीपमधून उतरतानाही तेवढे स्वागत झाल्याचे स्मरत नाही.

साडेतेरा मैलांवर सीलिंग संपले. तेथून पुढे मी परक्याच्या जमिनीत होतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर साधारण तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला सरते असे जाणकार सांगतात. माझी त्यांच्या म्हणण्याबरहुकूम तेथेच सरली. ज्या शुगरच्या नावाने सबंध गावाने मला फिका चहा पाजला, तिचा औषधालाही कण अंगात उरला नसताना, परतीच्या वाटेवर पेडर रोडची चढण समोर उभी राहिली. मॅरेथॉनवाल्यांच्या या चढणीविषयी अनेक दंतकथा आहेत. अजिंठ्याच्या डोंगराखाली वाढलेल्या मनुष्याने तिला चढण म्हणावे हे लाजिरवाणे आहे, पण मी तिला घाट म्हणालो. आणि तेथे, मागे रझाकार नाही, पुढे एसटी नाही, बक्षिसाची आशा नाही, शेजारून मोटारसायकलवर कोणी विहिरीची कथाही सांगत नाही, अशा स्थितीत मला आमच्या बैलगाडीवाल्याची फार आठवण झाली. त्याने त्या वेळी हटकले असते तर मी आनंदाने थांबलो असतो, आणि सविस्तर जबाब दिला असता. कोणी हटकले नाही, म्हणून धावत राहिलो. मी पोहोचलो तेव्हा विजेते आंघोळ, जेवण व बहुधा वामकुक्षी आटोपून आपापल्या देशी निघण्याच्या तयारीत असावेत. रेषेपलीकडे एका मुलीने माझ्या गळ्यात पदक घातले. अतिरिक्त जमिनीचा मोबदला इतक्या तत्परतेने रोख हाती पडल्याचे हे माझ्या माहितीतले पहिलेच उदाहरण.

गावात परत आलो तेव्हा दोनच प्रश्न झाले. पहिला, “कितवे आले?” यावर मी खरे काय ते सांगितले. तो आकडा हजारांत होता. गाव शांतपणे ऐकून घेते झाले. एवढ्या माणसांच्या मागे पळण्यापेक्षा चालत गेला असता तर निदान पाय दुखले नसते, असे कोणी तरी हलक्या आवाजात म्हणाले. दुसरा प्रश्न, “किती भेटले?” येथे माझी फार पंचाईत झाली, कारण भेटले काहीच नव्हते, धावू देण्याबद्दल मीच फी भरली होती. ही रक्कम ऐकताच पारावर जी खळबळ उडाली ती वर्णनातीत होती. इतके दिवस माझ्या धावण्याचे कारण शुगर आहे असे धरून चाललेल्या गावाने ते प्रकरण पुन्हा उघडले, आणि नोकरीत असताना या माणसाने जमवले किती असावे, असा एक संपूर्ण नवा व अप्रिय तपास सुरू झाला.

तरीही पदकाचा काही एक परिणाम होतोच. यंदा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन झाल्यावर, गावात एक धाव घ्यावी असा प्रस्ताव तरुणांनी ग्रामपंचायतीत मांडला, व नियम करण्याचे काम माझ्याकडे आणि आप्पांकडे आले. अंतर साडेचार मैलांच्या आत ठेवावे हे सीलिंगचा आदर राखून एकमताने ठरले. ज्येष्ठांच्या गटाने मात्र आम्हाला घाम फोडला. आधार कार्डे मागवली, तो जे शाळेत गेले ते सगळे पुरुष १ जूनला जन्मलेले आणि ज्यांना शाळा दिसली नाही त्या सगळ्या बाया १ जानेवारीला. तेव्हा वयाने कोण वडील हे ठरवणे अशक्य. शेवटी, पोलीस ॲक्शन ज्यांना आठवते ते अतिज्येष्ठ आणि ज्यांना आठवत नाही ते ज्येष्ठ, असा निकष लावण्यात आला. अतिज्येष्ठांत एकच अर्ज आला. तो त्या आजींचा, नातवाच्या हस्ताक्षरात, अंगठ्यानिशी. आता त्यांच्याने पळवत नाही. परंतु १९४८ साली त्या एका रात्रीत मोगलाईतून वऱ्हाडात पळत गेल्या आहेत, सबब ती धाव या शर्यतीत धरून त्यांचा नंबर लावावा, अशी विनंती होती. समितीने अर्ज अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवला. मी तो दोनदा वाचला आणि जुन्या सवयीने समासात लिहिले : ‘अर्जदाराची धाव जुनी व कारणासहित आहे. तीस हरकत घेणारा कोणी हयात नाही. नोंद मंजूर करावी.’